बोया, त्याची साखळी आणि ती उचलणारं जहाज

प्रश्न थोडक्यात असा आहे: गेटवेहून मांडव्याला लाँचने जाताना पाण्यात जहाजांना वाट दाखवणारे, तळाशी साखळीने बांधलेले लाल-हिरवे बोये डुलताना दिसतात, ते कोण सांभाळतं? आणि त्या कामासाठी खास जहाजं कशाला लागतात, एखादा टग (जहाजं ओढणारी बोट) आणि क्रेन बसवलेला बार्ज (सपाट तराफा) भाड्याने घेऊन भागत नाही का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. बंदराच्या आत, शांत पाण्यात, भागतं. बऱ्याच ठिकाणी तसंच करतात. बंदराच्या तोंडाबाहेर लाट लागायला लागली की भागत नाही. बोया सांभाळायचा म्हणजे दिवा सांभाळायचा, असा बहुतेकांचा समज असतो. दिव्याचं काम लहान होडीतून दोन माणसं तासाभरात उरकतात. जहाज लागतं ते पाण्याखालच्या सामानासाठी: साखळी, शॅकल (साखळी जोडणारं पिनचं कडं), स्विव्हल (पीळ न बसू देणारा फिरता सांधा) आणि तळाशी बसलेलं वजन, म्हणजे सिंकर. बोया जागा सोडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा खालीच सापडतो.

आता कोण सांभाळतं ते. आपल्याकडे खुल्या किनाऱ्यावरची मुख्य दीपगृहं केंद्राच्या दीपगृह व दीपनौका महासंचालनालयाकडे आहेत. बंदराच्या हद्दीतले बोये आणि दिवे त्या-त्या बंदराकडे. मुंबईच्या दक्षिण टोकाचं 1875 चं प्राँग्स दीपगृह मुंबई बंदराचं आहे, ते म्हणूनच. ही विभागणी 1927 च्या दीपगृह कायद्यापासून चालत आली. 2021 मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला. महासंचालनालयाच्या कामासाठी ‘सागरदीप-2’, ‘प्रदीप’ आणि ‘इंदिरा पॉइंट’ ही जहाजं ओळखली जातात. इटली, पोर्तुगाल, ब्राझील, चिली या देशांत हेच काम नौदलाकडे आहे. इटलीच्या नौदलाने तर त्यासाठी पोन्झा वर्गाची जहाजं बांधून घेतली. अमेरिकेत 1939 पासून तटरक्षक दल हे करतं. त्यांची 225 फुटी ज्युनिपर वर्गाची जहाजं या धंद्यात नमुना म्हणून दाखवली जातात. ब्रिटनमध्ये ट्रिनिटी हाऊस ही 1514 ची सनद असलेली संस्था आहे. गणवेश कुठलाही असो, डेकवरचं काम सगळीकडे सारखंच.

बोयाची रचना वरून खाली अशी: दिवा, त्याखाली किंवा बाजूला सोलर पॅनल, डोक्यावर आकाराची खूण, रडार परावर्तक, मनोरा, मग तरंगणारं पोट. पोटाखाली शेपटीसारखी नळी आणि तिच्या टोकाला वजन, म्हणजे बोया उभा राहतो. खालच्या कड्याला साखळी. अडीच ते तीन मीटर व्यासाचा पोलादी बोया पाच-सहा टनांचा असतो. प्लास्टिकचे बोये याच्या निम्म्याहूनही हलके मिळतात आणि रंगही टिकतो, पण मोठं जहाज घासून गेलं की फाटतात. पोलादी बोया पोचे खाऊनही तरंगत राहतो. जोरदार प्रवाह आणि जड वाहतूक असलेल्या वाटेवर मी पोलादीच टाकावा असं म्हणेन, देखभाल जास्त असली तरी.

साखळीची लांबी खोलीच्या साधारण तिप्पट धरतात. खोली मोजायची ती उधाणाच्या भरतीची, नकाशावरची नव्हे. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं आणि खंभातच्या आखातात त्याच्या दुपटीहून जास्त. नकाशावर 12 मीटर लिहिलेल्या जागी भरतीला 16 मीटर पाणी असेल, तर साखळी 45 ते 48 मीटर. साखळी आखूड पडली तर भरतीच्या प्रवाहात बोया आडवा होतो आणि दिव्याचा झोत एका बाजूने आभाळात, दुसऱ्या बाजूने पाण्यात जातो. जास्त लांब ठेवली तर बोया मोठ्या वर्तुळात फिरतो: 12 मीटर पाण्यात 45 मीटर साखळी पूर्ण ताणली तर सिंकरपासून 43 मीटरपर्यंत. म्हणून अनुभवी तांडेल बोयावरून वाट धरतो, पण आपली नेमकी जागा ठरवायला दीपगृह किंवा जमिनीवरच्या खुणा घेतो. नकाशावर छापलेलं ठिकाण सिंकरचं असतं.

आता झिजण्याबद्दल, कारण सगळा खर्च इथे आहे. साखळीचे तीन पट्टे धरा. बोयाखालचा सतत लटकलेला, तळावर पडून राहिलेला आणि दोन्हींच्या मधला, जो प्रत्येक लाटेला तळावरून उचलला जातो आणि परत आपटतो. हा मधला पट्टा सगळ्यांत आधी जातो. कड्यांच्या सांध्यात वाळू शिरते आणि दोन कडी एकमेकांना कानस लावल्यासारखी खातात. चिखलाच्या तळावर झीज कमी होते, कारण साखळी गाळात बसते आणि फार हलत नाही. वाळू आणि शिंपल्यांच्या तळावर, जोराच्या प्रवाहात, तीच साखळी निम्म्या काळात संपते. त्यामुळे एका बंदराचं बदलीचं वेळापत्रक दुसऱ्या बंदराला लावू नये.

मोजायचं कसं? कड्याच्या सरळ बाजूवर कॅलिपर लावून काही कळत नाही, तिथे फक्त गंज दिसतो. झीज कड्याच्या वळणावर, आतून असते. दोन कडी ताणून धरायची आणि जिथे ती एकमेकांत बसतात तिथली दोघांची मिळून जाडी घ्यायची. 38 मिलिमीटरची नवी साखळी असेल तर ती 76 भरते. 60 च्या खाली आली की ती जोडी पुढच्या पावसाळ्यावर सोडू नये. शॅकलची पिन आणि स्विव्हलचा दांडा वेगळा तपासायचा. स्विव्हल अडकलं की बोया फिरेल तसा साखळीला पीळ बसतो, साखळी आखूड होते आणि मग एखाद्या कड्यावर आडवा ताण येऊन ती तुटते. हातात आलेली तुटकी साखळी पाहून लोक साखळीला दोष देतात, मूळ दुखणं वरच्या स्विव्हलमध्ये असतं. आणखी एक: जुनी पिन सुटली म्हणून तिच्या जागी स्टेनलेसची घालू नये. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की साधं पोलाद झपाट्याने खाल्लं जातं.

साखळी सगळी टाकून द्यावी लागत नाही. मधला पट्टा कापून काढायचा, किंवा साखळी उलटी जोडायची, म्हणजे तळावर पडून राहिलेला चांगला भाग झिजणाऱ्या जागी येतो. अर्थात हे डेकवर साखळी आल्याशिवाय होत नाही, आणि 38 मिलिमीटर साखळीचा एक मीटर तुकडा तीस किलोच्या आसपास भरतो. इथे टग मागे पडतो. टगकडे ओढण्याची ताकद भरपूर, पण साखळी धरून ठेवणारी पकड म्हणजे स्टॉपर, ती पसरायला मोकळा सपाट डेक आणि बाजूला पोचणारी क्रेन नसते. बार्जवर क्रेन असते, पण बार्ज स्वतः जागेवर उभा राहू शकत नाही. लाटेत त्याच्या क्रेनचा हूक डोक्याएवढ्या उंचीवर झोके घेतो आणि त्याखाली माणसं उभी असतात.

बोया उचलणाऱ्या जहाजाचा कामाचा डेक पुढच्या किंवा मधल्या भागात, पाण्यापासून जेमतेम दीड-दोन मीटरवर असतो. कठडा त्या जागी उघडतो किंवा काढता येतो. दहा ते वीस टनांची क्रेन, दोर-साखळी ओढणारे दोन विंच, डेकच्या कडेला साखळीचा स्टॉपर, नाळेत म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकात थ्रस्टर (जहाज बाजूला ढकलणारा पंखा). नव्या जहाजांवर उपग्रहाच्या आधारे आपोआप जागा धरून ठेवणारी यंत्रणा.

काम निवडलेल्या दिवशी करायचं. कॅलेंडरवर अमावास्या-पौर्णिमा पाहून ते दिवस आणि नंतरचे दोन-तीन टाळायचे. अष्टमी ते दशमीच्या भांगाच्या दिवसांत प्रवाह मवाळ असतो आणि भरती-ओहोटीच्या मधली स्तब्ध वेळही जास्त मिळते. कोकण किनाऱ्यावर खऱ्या अर्थाने हंगाम ऑक्टोबर ते मे. मे महिन्यात जे बोये पाहायचे राहिले ते पावसाळ्यात आपले आपण सापडतात, बहुधा एखाद्या पुळणीवर.

जहाज प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून बोयाकडे येतं, म्हणजे वेग कमी केला तरी सुकाणू लागू राहतं आणि इंजिन बंद पडलंच तर जहाज बोयापासून मागे सरकतं, त्याच्यावर चढत नाही. बोया क्रेनच्या बाजूला घ्यायचा. पहिला हूक लांब काठीने उचलायच्या कड्यात घालतात. कोणीही बोयावर उडी मारायची नाही, काठीने जमत नसेल तर जहाज पुन्हा फिरवून आणायचं. मग दोन्ही बाजूंनी आवरायचे दोर, आणि त्यानंतर लाटेच्या चढावर एका दमात उचल. हळूहळू उचललं तर प्रत्येक लाटेला दोर ढिला पडतो आणि परत झटका बसतो. तो झटका बोयाच्या वजनाच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. बोया डेकवर आला की लगेच पाचर आणि साखळीने बांधायचा. त्याआधी खरवडायला कोणी हात लावायचा नाही, गोल पोटाचा बोया ओल्या डेकवर लोळतो.

मग साखळी स्टॉपरमध्ये. साखळी स्टॉपरमध्ये बसल्याचं सारंगाने, म्हणजे डेकवरच्या मुकादमाने, डोळ्यांनी पाहून इशारा दिल्यावरच बोया सोडायचा. या क्षणापासून डेकवर एकच नियम: साखळीच्या वळशात पाय नाही आणि ताणलेल्या साखळीच्या रेषेत माणूस नाही. स्टॉपर निसटला तर लटकलेली साखळी आपल्याच वजनाने धावते, आणि तिला थांबवायला कोणतंही साधन पुरत नाही.

सिंकर उपटणं हा सगळ्यांत फसवा भाग. पाच टनांचा काँक्रीटचा ठोकळा पाण्यात सुमारे 2.9 टनच भरतो, कारण काँक्रीट पाण्याच्या अडीचपटही जड नाही. तेवढंच ओतीव लोखंड पाण्यात 4.3 टन भरतं. त्यामुळे कागदावर काँक्रीटचा सिंकर उचलणं सोपं दिसतं. पण मुंबईच्या गाळात दोन-तीन वर्षं रुतलेला सिंकर चिखलाच्या शोषणाने धरलेला असतो आणि ती पकड त्याच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट सहज होते. क्रेनने झटके देणं ही इथली नेहमीची चूक. बरोबर रीत अशी की ओहोटीच्या शेवटी साखळी ताठ करून स्टॉपरमध्ये किंवा विंचवर धरायची आणि भरतीला जहाज वर चढू द्यायचं. दहा-वीस मिनिटांत ठोकळा सुटतो. नाही सुटला तर साखळीच्या कडेने पाण्याची जोरदार धार सोडून गाळ मोकळा करायचा.

जहाजाचा कल इथे ध्यानात ठेवावा लागतो. क्रेनच्या टोकाला, मध्यरेषेपासून 9 मीटरवर 6 टन ताण आला तर 54 टन-मीटरचा पीळ बसतो. 800 टनांच्या जहाजाची स्थैर्य-उंची (झुकलेलं जहाज परत सरळ होण्याच्या ताकदीचं माप) एक मीटर असेल तर जहाज चार अंशांच्या आसपास झुकतं. भार क्रेनच्या टोकातून लटकत असल्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच. सिंकर अचानक सुटला की तो कल एका क्षणात उलटतो, डेकवरचं न बांधलेलं सामान दुसऱ्या बाजूला जातं. आधीच्या तयारीत टाक्या पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या ठेवतात, त्यामागे हेच कारण आहे.

वर आल्यावर पहिलं काम धुण्याचं. कालवं, बार्नेकल, शेवाळ, तुटकी जाळी मिळून काही शेकडो किलो भरतात, आणि त्या वजनाने बोया खाली बसून दिव्याची उंची घटते. जाळी जास्त असतील तर साखळीला घासून तिचा रंग नव्हे, धातू गेलेला असतो; तो भाग हात फिरवून पाहावा. पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक मीटरने पाण्याच्या रेषेजवळ घ्यायची, गंज तिथे सर्वाधिक असतो. रंगकाम डेकवर करायचं नाही. ओलसर पत्र्यावर मारलेला रंग सहा महिन्यांत पापुद्रे सोडतो. बदली बोया टाकायचा, जुना यार्डात नेऊन वाळूच्या माऱ्याने साफ करून रंगवायचा.

परत टाकतानाही क्रम तोच: आधी बोया, शेवटी सिंकर. सिंकर जहाजाच्या बाजूला स्टॉपरवर लटकवून ठेवायचा, साखळी डेकवर नागमोडी पसरून ठिकठिकाणी कच्च्या दोरीने बांधायची, म्हणजे ती एकदम न धावता एकेक बंध तोडत जाते. बोया आधी पाण्यात, मग साखळी, आणि जहाज ठरल्या जागेवर स्थिर झालं की सिंकर. इथे होणारी चूक हसू येण्यासारखी आहे, पण फार होते: जीपीएसचा अँटेना मास्टवर असतो आणि सिंकर नाळेजवळ सुटतो. दोन्हींतलं अंतर यंत्रात भरलं नसेल तर बोया वीस-पंचवीस मीटर चुकतो. दुसरी चूक जुन्या नकाशांची, ज्यांचा अक्षांश-रेखांश मोजण्याचा मूळ आधार जीपीएसच्या आधाराशी जुळत नाही. तिथे दुरुस्ती न लावता आकडे उचलले तर फरक त्याहूनही मोठा.

दिव्याबद्दल थोडंच. हल्ली एलईडी, पॅनल आणि बॅटरी एकाच डब्यात येतात. पाच वॅटचा दिवा पाच सेकंदांत एक सेकंद पेटत असेल तर सरासरी एक वॅट. तेरा तासांच्या रात्रीला 13 वॅट-तास, म्हणजे 12 व्होल्टवर 1.1 अँपिअर-तास. 40 अँपिअर-तासांच्या बॅटरीचा निम्मा भाग वापरायचा धरला तर ऊन न मिळता 18 रात्री निघतात. जुलैत कोकणात एवढे ढगाळ दिवस सलग येतात, म्हणून याहून लहान बॅटरी मी घेणार नाही. पॅनल बंद पडण्याचं पहिलं कारण पक्ष्यांची विष्ठा, दुसरं चोरी. पक्ष्यांसाठी काटेरी पट्ट्या बसवतात, चोरीसाठी खास डोक्याचे बोल्ट. बोयाच्या दिव्याचा उभा झोत रुंद हवा, कारण बोया डुलतो. दीपगृहाचा अरुंद चालतो. दीपगृहाचा स्वस्त पडलेला दिवा बोयावर बसवला की खलाशी ‘दिवा मधेच गायब होतो’ म्हणून तक्रार करतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

बोयांच्या रंगांचे जगात दोन विभाग आहेत. आपण ‘अ’ विभागात आहोत: समुद्रातून बंदरात शिरताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये नेमकं उलटं. बदली बोया टाकताना दिव्याच्या लुकलुकण्याची लयही तपासून घ्या. दिशादर्शक काळ्या-पिवळ्या बोयांमध्ये पूर्वेचा तीन, दक्षिणेचा सहा आणि एक लांब, पश्चिमेचा नऊ लुकलुकी देतो, घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे. उत्तरेचा न थांबता लुकलुकत राहतो. गोदामातून दिवा उचलताना जुनी लय तशीच राहून गेली तर चांगला लागलेला दिवा न लागलेल्यापेक्षा घातक.

दीपगृहांकडे जहाज जातं ते पाणी, डिझेल, बॅटऱ्या, सुटे भाग आणि माणसं घेऊन. खडकावरच्या दीपगृहापाशी जहाज लागत नाही, दूर नांगरून होडीने माल न्यावा लागतो. वेंगुर्ला रॉकसारख्या जागी लाट खडकाला लागून परत फिरते, त्यामुळे उतरायच्या पायरीपाशी पाणी एकदम दीड-दोन मीटर चढतं-उतरतं. होडी वर चढलेल्या क्षणी माणूस पाऊल टाकतो, सामान मात्र दोराने ओढतात. एका पिंपात शंभर लिटर पाणी भरण्यापेक्षा पाच कॅनमध्ये वीस-वीस लिटर भरलेलं बरं, एखादा पडला तरी उरलेलं पोचतं. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपची दीपगृहं तर जहाजाशिवाय चालूच शकत नाहीत. 2004 च्या त्सुनामीत निकोबारच्या दक्षिण टोकाची, इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरांहून जास्त खचली आणि दीपगृहाचा पाया पाण्यात गेला.

किती बिघाड चालतो, याचा आंतरराष्ट्रीय हिशेब आहे. पहिल्या वर्गाचा दिवा तीन वर्षांच्या सरासरीत 99.8 टक्के वेळ चालू हवा, दुसऱ्याचा 99, तिसऱ्याचा 97. म्हणजे पहिल्याला तीन वर्षांत मिळून जेमतेम सव्वादोन दिवस बंद राहण्याची मुभा, तिसऱ्याला तेहतीस. मुख्य वाटेच्या तोंडावरचा बोया पहिल्या वर्गात ठेवायचा आणि जवळ बदली बोया, साखळी व सिंकर जुळवून तयार ठेवायचे नाहीत, हे गणित बसत नाही. जहाज पोचायलाच एक दिवस जातो.

बोया सरकला, विझला किंवा हरवला की दुरुस्तीच्या आधी इशारा जायला हवा. आपल्या भागाचे जलवाहतूक इशारे देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाकडून निघतात, ते नौदलाच्या अखत्यारीत आहे. हिंदी महासागराच्या आठव्या विभागाचं समन्वयही तिथूनच होतं. बोया परत जागेवर बसला की तोही निरोप द्यावा लागतो. हा दुसरा निरोप विसरला जातो आणि मग चांगल्या बोयावर महिनोन्महिने कोणी विश्वास ठेवत नाही.

मच्छीमारांना आणि हौशी होडीवाल्यांना एवढंच सांगेन: बोयाला होडी बांधू नका. पाच-सात टनांची होडी रात्रभर बांधली तर बोया कलतो, सिंकर हळूहळू ओढला जातो आणि सकाळी तुम्ही निघून गेलात तरी बोया नव्या जागीच राहतो. विझलेला किंवा चुकीच्या जागी असलेला बोया दिसला तर व्हीएचएफ रेडिओच्या 16 नंबरच्या चॅनलवर जवळच्या बंदराला कळवा: बोयाचं नाव किंवा नंबर, रंग, वेळ, तुमच्या जीपीएसवरचे आकडे. दिव्याची लय चुकीची वाटत असेल तर तीन-चार फेऱ्या घड्याळावर मोजून सांगा, नुसतं ‘दिवा बरोबर नाही’ म्हटलं तर जहाजावर कोणता दिवा चढवायचा तेच कळत नाही.